कच्चा धागा

मास्तरांनी सांध्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडीचा एक टोला दिला. मग दुसरा. तिसऱ्याला वीट थरातून सुटून त्यांच्या पंजात आली, पण सुटताना शेजारच्या विटेचा टवका घेऊनच आली. मास्तरांनी ती उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली, गिऱ्हाइकाने परत आणलेला सदरा पाहावा तशी, आणि खाली ठेवली.

"हा थर उसवावा लागणार," ते म्हणाले.

सून चहाचे दोन कप घेऊन मागच्या दारात उभी होती. कप खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

"परत?"

"घेर बसत नाहीये."

"बाबा, काल तर तुम्हीच म्हणालात, बसला म्हणून."

"काल संध्याकाळ होती. संध्याकाळी सगळंच बसलेलं दिसतं."

तिने कप भट्टीच्या ओट्यावर ठेवले आणि ती वीट उचलून पाहिली. साहित्य तपासणीच्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. पुलांच्या, इमारतींच्या कामांवरून काँक्रीटचे ठोकळे यायचे. ते यंत्राच्या जबड्यात धरायचे आणि किती भार आला की फुटतात ते पाहायचं, हे तिचं काम. "आमची सून मोडतोडीचा पगार घेते," असं मास्तर पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. त्या मोडतोडीतून तिला एवढं पक्कं ठाऊक झालं होतं, की जोड कच्चा असेल तर जोडावरच तुटतं. इथं जोड शाबूत होता आणि वीट फुटली होती. असा थर कोणी उसवत नाही.

तिने वीट परत खाली ठेवली. खिशातला फोन थरथरला. तिने तो न पाहताच बंद केला, कारण काय विचारलेलं असणार ते तिला माहीत होतं. सांगितलंस का?

भट्टीची गोष्ट मुळात तिच्याच तोंडून निघाली होती, आणि तीही भलत्याच वेळी.

विटा तिच्या नवऱ्याने आणलेल्या. मास्तरांचा तो एकुलता एक मुलगा. पिझ्झा खायला म्हणून हॉटेलात गेला, तर टेबलाशी बसायचाच नाही. लाकडं पेटवलेल्या भट्टीसमोर जाऊन उभा राहायचा. आतला आचारी त्याला हाकलून हाकलून कंटाळला आणि शेवटी ओळखीचा झाला. घुमटाच्या उंचीला तोंडाची उंची किती असली म्हणजे थंड हवा खालून आत शिरते आणि धूर वरून बाहेर पडतो, हे तो घरी येऊन ताटावर बोटाने काढून दाखवायचा. मास्तरांना पिझ्झाचं वावडं. "चीज कसलं, इलॅस्टिक आहे ते. तोंडात एक टोक नि ताटात दुसरं." तरी मागच्या अंगणातली जागा त्यांनीच झाडून दिली. विटा येऊन पडल्या, आणि त्याच महिन्यात कामावर असताना मुलाच्या डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली आणि तो गेला. विटांवर ताडपत्री पडली. कडेच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर खोळ पडली. त्याला आता तीन वर्षं होत होती.

ती माहेरी गेली नाही. मास्तर जा म्हणाले नाहीत, राहा असंही म्हणाले नाहीत. सकाळी दोन कप चहा होत गेला, इतकंच.

मग ठोकळे पोचवायला येणारा एक साइट इंजिनिअर, ठोकळे देऊन झाले तरी रेंगाळायला लागला. वर्षभर रेंगाळला, आणि मग त्याने लग्नाचं विचारलं. त्याला लांबच्या एका शहरात मोठं काम मिळालं, तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यासाठीही जागा निघाली, आणि तिने दोन्हीला हो म्हटलं. आता फक्त या घरात सांगायचं राहिलं होतं. थंडी ओसरत असताना एका सकाळी ती मनाचा हिय्या करून मास्तरांसमोर बसली, "बाबा, मला जरा..." म्हणाली, आणि नेमके त्याच क्षणी मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या विटांचं काय करायचं गं?"

तोंडात एक होतं आणि बाहेर दुसरंच पडलं. "भट्टी करू या," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पुढचं सगळं तिच्या घशातच राहिलं. दुपारपर्यंत त्यांनी ताडपत्री काढली होती.

सुरुवातीला काम धावत होतं. मास्तर म्हणजे शिंप्यांच्या जातीला बट्टा, असं लोक गमतीने म्हणत, कारण शिंपी असून त्यांचा वायदा कधी चुकला नाही. मंगळवार म्हणजे मंगळवार. त्यांची आणखी एक रीत होती. कपडा कापून झाला की तो जागच्या जागी राहावा म्हणून पांढऱ्या धाग्याने कच्चे टाके घालतात. पक्की शिलाई झाली की ते ओढून काढतात. मास्तर सगळे काढायचे, पण एक धागा मुद्दाम ठेवायचे. गिऱ्हाईक आलं, आरशासमोर उभं राहिलं, खूश झालं, की त्याचं टोक त्याच्याच हातात द्यायचे. "ओढा. हा निघेपर्यंत कपडा माझा. निघाला की तुमचा, मग त्यात जेवा की झोपा, मी विचारणार नाही."

तोच हात विटांना लागला. ओटा झाला, त्यावर जमीन झाली. ओली वाळू थापून थापून घुमटाचा आकार केला, त्यावर ओला कागद चढवला, आणि त्याच्या अंगाने विटांचे थर वर चढू लागले. निमुळत्या कापलेल्या विटेला मास्तर कळी म्हणायचे, गोलाईला घेर, आणि अगदी वरच्या, सगळ्यात शेवटी बसायच्या विटेला बटण.

"टोपीला असतं ना वर, तसं," ते म्हणाले होते. "ते लागलं की वाळू काढायची. वाळू म्हणजे आपला कच्चा धागा."

ती म्हणाली होती, "आणि घुमट खाली आला तर?"

"तर शिंपी वाईट."

आणि मग, अर्धा घुमट चढल्यावर, कामाला खीळ बसली. आज हा थर वाकडा, उद्या तो सैल. चढवलेलं उतरवायचं, उतरवलेलं चढवायचं. दिवसभर हातोडी चालायची आणि संध्याकाळी भट्टी होती तिथंच.

तिचा जीव कशातच लागेना. प्रयोगशाळेत ती यंत्राचा काटा सरकताना बघायची आणि आकडा लिहायचं विसरायची. घरी आली की धुतलेले कप पुन्हा धुवायची. जेवताना उठून दाराची कडी पाहून यायची. इंजिनिअर समजूतदार होता, आणि त्याचंच तिला जास्त ओझं वाटत होतं. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. "मी येऊन सांगू का?" तो विचारायचा. "नको," ती म्हणायची. "भट्टी होऊ दे."

"अगं, पण भट्टी होते कधी?"

हेच भिंतीपलीकडून दुर्बीणही विचारत होती. ही शेजारीण सुईणपणात आयुष्य घालवलेली नर्स. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या हालचालींवर तिची नजर असे, म्हणून तिला हे नाव. मास्तर मात्र तिला अजून सिस्टर म्हणत.

"काय मास्तर," तिने भिंतीवरून मान वर काढली. "बांधताय की सोडवताय?"

"दोन्ही, सिस्टर."

"मी या हातांनी शेकड्यांनी पोरं बाहेर काढली. एकही असं अडून बसलं नाही."

"तुमच्या पोरांना घाई होती. माझ्या विटांना नाही."

"विटांना नाही, की मास्तरांना?" दुर्बीण म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "यांचा वायदा चुकलेला मी जन्मात पाहिला नव्हता गं. म्हातारे झाले म्हणावं, तर सुईत धागा अजून बिनचष्म्याचा ओवतात. तूच बघ बाई काय ते."

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं लक्ष वाळूकडे होतं. थर उसवताना वाळूवरचा कागद फाटला होता.

"आत खाकी कागद आहेत, कटिंगचे," ते म्हणाले. "मशीनच्या खोलीत, फळीवर. चार-पाच आण."

तिने फोन मोरीच्या दगडावर ठेवला, हात धुतले आणि आत गेली. त्या खोलीत ती फारशी जात नसे. आत अंधार होता. फळी दिसावी म्हणून तिने मागची खिडकी ढकलली, तर ती मुळात लोटलेलीच होती, बंद नव्हती. खिडकीखाली स्टूल होतं. स्टुलावर उशी, आणि उशी मध्ये दबलेली.

फळीवर कागदांची चळत होती. बाह्या, कॉलर, पाठी. कडेला खडूने मापं. ती वरचे कागद काढत असताना कुठंतरी जवळच, अगदी खोलीतच, काहीतरी थरथरू लागलं. तिने फळीवर पाहिलं, मशीनच्या खोळीखाली पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. तो तिचाच फोन होता, बाहेर मोरीच्या दगडावर. नळाच्या तोटीतून गळणारा थेंबही ऐकू येत होता. मोरीची भिंत आणि शेजारची भिंत यांमध्ये एक चिंचोळी बोळ होती, आणि तिच्यातून आलेला आवाज सरळ या खिडकीत चढत होता, जसा धुरांड्यातून धूर चढतो.

ती कागद छातीशी धरून उभी राहिली.

माहेरच्या ताईशी फोनवर ती कायम मोरीपाशीच बोलायची, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. ताई म्हणाली होती, किती दिवस लपवणार आहेस, आणि ती म्हणाली होती, "भट्टी झाली की सांगते. झाली की दुसऱ्याच दिवशी. नाव सांगते, गाव सांगते, सगळं सांगते. आता कुठं ते हातात काही धरायला लागलेत ताई, मध्येच कसं सांगू?"

पहिला थर उसवला गेला तो त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी. तिला तो दिवस आठवत होता, कारण तिने चहात साखर घातली नव्हती आणि मास्तरांनी तो न बोलता प्यायला होता.

खिडकीतून पाठमोरे मास्तर दिसत होते. वाळूचा उघडा पडलेला भाग ते तळव्याने हळूहळू गुळगुळीत करत होते. थोपटल्यासारखं.

ती कागद घेऊन बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली.

"ओले कर आधी ते. सुका कागद घातला की वाळू काढताना अडतं."

"बाबा, मी काय म्हणते..."

"आणि कडेकडेने भिजव. मध्ये पाणी साचायला नको."

तिने कागद भिजवले. कडेकडेने.

आता कोण आधी बोलतो, एवढंच उरलं होतं, आणि दोघंही बोलण्यात कच्चे. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी थर वर नेले, अर्धवट उतरवले, पुन्हा नेले. तिने थांबवलं नाही. उलट संध्याकाळी येऊन ती माती कालवून द्यायला लागली. रात्री पडल्या पडल्या ती वाक्यं जुळवायची आणि सकाळी ती सगळी उसवलेली असायची. सरतेशेवटी घुमटाच्या डोक्यावर फक्त मुठीएवढं भोक उरलं.

"बटण उद्या," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना विटेचा रंग पसंत पडेना.

शनिवारी दुपारी ते केस कापायला गेले. ती घरात दोन चकरा मारून आली, कपाट उघडून बंद केलं, आणि मग सरळ अंगणात गेली. एक वीट घेतली, भोकाचं माप घेतलं, कापली, घासली, पुन्हा कापली. भट्टीची माती बोटाने लावली. वीट वरून बसवताना तिच्या हाताला घुमटाने जरासा विरोध केला आणि मग ती आत गेली, चपखल. ती तिथंच उभी राहिली. आता तिला बसायला हरकत नव्हती, पण बसवेना.

मास्तर आले ते मानेवरचे केस झटकत. भट्टीपाशी येऊन थांबले.

"बटण लावलंस."

"लावलं."

त्यांनी ओट्यावरची हातोडी उचलली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने विटेच्या चारी बाजू चाचपल्या, काजाची वीण चाचपावी तशा. बराच वेळ चाचपत राहिले.

"सुटेल?" त्यांनी विचारलं.

"यंत्रात घातली तरी नाही सुटणार."

"तुझं यंत्र म्हणजे..." ते म्हणाले. हातोडी त्यांनी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून, फडक्याने पुसून, अवजारांच्या पेटीत ठेवली. "आठवडाभर सुकू दे. घाई नाही करायची."

तो आठवडा कसा गेला, ते दुर्बिणीलाही सांगता आलं नसतं. हातोडी बंद होती आणि घर त्या शांततेनेच दणाणत होतं. मास्तर सकाळी उठून घुमटावर हात ठेवून यायचे, ताप बघावा तसा. सून कामावर जायची, यायची, आणि चहात कधी साखर जास्त पडायची, कधी पडायचीच नाही.

पुढच्या रविवारी ऊन वर आल्यावर मास्तरांनी तिला हाक मारली. ते धुतलेला सदरा घालून भट्टीसमोर उभे होते. हातात लहान फावडं होतं, आणि त्याचा दांडा त्यांनी तिच्याकडे केला होता.

"ओढ," ते म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिने फावडं घेतलं नाही.

"तुम्ही काढा ना बाबा. तुम्ही केलंय."

"केलंय म्हणूनच. मी ओढायचा नसतो तो."

ती भट्टीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली. पहिलं फावडंभर वाळू आली, मग दुसरं. मास्तर घमेलं सरकवत होते, भरलं की ओतून आणत होते. वाळू आतल्या बाजूने आपोआप घसरत होती आणि दर वेळी तिचा हात थांबत होता. शेवटी फावडं पुरेना, तेव्हा तिने खांद्यापर्यंत हात आत घालून मुठीमुठीने ती ओढली. वरून खाकी कागदाचा एक तुकडा सुटून तिच्या मनगटावर पडला. बाहीचा होता. बाकी काही पडलं नाही.

तिने मान वाकवून आत पाहिलं. घुमट पोकळ होता, आणि उभा होता.

"शिंपी बरा आहे," ती म्हणाली.

"बघू. अजून जाळ लागायचाय." मास्तर मूठभर काटक्या घेऊन आले. "पहिल्या दिवशी एवढाच. उद्या थोडा जास्त. आतली ओल हळूहळू जायला हवी. एकदम सांगितलं की तडे जातात."

"एकदम पेटवलं की," ती म्हणाली.

"तेच ते."

काडी ओढली. धूर आधी दोघांच्या तोंडावर आला. मग आत हवा खेळू लागली आणि तो वरच्या काठाने, ताटावर बोटाने काढलेल्या त्या रेघेसारखा, बाहेर वळला. मास्तर ते बघत राहिले. डोळे पुसायला त्यांना धुराचं निमित्त होतं, पण त्यांनी पुसले नाहीत.

"मापाला कधी यायचाय तो?" त्यांनी विचारलं.

तिने हातातली काटकी आत घातली. ती पेटेपर्यंत थांबली.

"कोण?"

"ते तू सांगायचं. तुझा वायदा होता. भट्टी झाली की दुसऱ्या दिवशी."

"दुसरा दिवस उद्या आहे, बाबा."

"मग आजच सांग. वायद्याच्या आधी दिलं तर गिऱ्हाईक भांडत नाही."

तिने नाव सांगितलं. गाव सांगितलं. जायचा महिना सांगितला. एकेक सांगताना ती आत एकेक काटकी घालत होती, आणि मास्तर प्रत्येक वेळी मान हलवत होते, टेपवरचा आकडा लक्षात ठेवावा तसे.

"उंच आहे?"

"आहे."

"तुझ्यापेक्षा?"

"टाचा वर केल्या तरी मी खांद्याला लागते."

"म्हणजे कापड जास्त लागणार," मास्तर म्हणाले. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "जाळ एवढाच ठेव. वाढवू नको, विझवू पण नको. मी मशीनला जरा तेल घालतो. तीन वर्षांत गंजलं असेल."

ते आत गेले. खिशात फोन थरथरला. सांगितलंस का? तिने तो काढला, पाहिला, आणि मोरीच्या दगडावर पालथा ठेवला.

मागच्या खिडकीतून खोळ झटकल्याचा आवाज आला. तेलाच्या डब्याची पत्र्याची टकटक. मग पायपट्टी हलली, अडखळली, आणि मशीन चालू झालं. त्याला कापड नव्हतं, धागा नव्हता. रिकामी सुई नुसती वर-खाली होत असावी. तेल आत मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला. मग त्याच्या दुप्पट झाला. मशीन थांबेना. मध्येच मंद व्हायचं, तेव्हा नाक ओढल्याचा आवाज यायचा, आणि मशीन पुन्हा वेग घ्यायचं.

बोळीतून आवाज जसा आत जात होता, तसाच बाहेरही येत होता. हे मास्तरांच्या ध्यानात आलं नसावं.

ती उठली नाही. पहिल्यांदाच एका जागी बसून राहिली, आणि जाळ विझेलसा वाटला की एक काटकी घालत राहिली, सांगितली होती तेवढीच.